इयन चक्रीवादळानंतरचा घरविम्याचा दावा आणि पब्लिक ॲडजस्टर : माझा अनुभव

२८ सप्टेंबर २०२२ रोजी दुपारी इयन चक्रीवादळ फ्लोरिडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर कायो कोस्टा बेटापाशी जमिनीवर आले, तेव्हा त्याच्या वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २४० किलोमीटर होता. आमचे घर तेथून जवळच, केप कोरल येथे आहे. फोर्ट मायर्स बीचवर समुद्र घराघरांत शिरला, तसे आमच्याकडे झाले नाही. आमचे नुकसान वरून झाले. आढ्याची काँक्रीटची कौले उडाली, उतारावरची बरीच कौले हलली किंवा तडकली, वळचणीचे सॉफिट, म्हणजे तिच्या खालचे आच्छादन, निघून गेले आणि त्या वाटेने आत आलेल्या पावसाने दोन खोल्यांचे छत, भिंतींचे ड्रायवॉल (जिप्समचे पत्रे) आणि माळ्यावरचे इन्सुलेशन भिजवले. पुढे विमा कंपनीशी जो दीर्घ व्यवहार झाला, त्यात पब्लिक ॲडजस्टर नेमण्याचा निर्णय आम्ही का घेतला आणि त्या व्यक्तीने नेमके काय केले, हे मी येथे तपशिलाने लिहिते आहे, कारण या व्यवसायाची माहिती आपल्या लोकांत फार थोड्यांना असल्याचे मला त्या काळात जाणवले.

जून २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर श्रीवर्धनला माझ्या माहेरी तलाठी येऊन पंचनामा करून गेले होते आणि त्या कागदावर सरकारी मदत ठरली होती. येथे खासगी विम्याच्या बाबतीत तसा तटस्थ पंचनामा होत नाही. नुकसान पाहायला येणारा ॲडजस्टर हा विमा कंपनीचा पगारी नोकर असतो किंवा कंपनीने दर दाव्यामागे मोबदला देऊन नेमलेला स्वतंत्र ॲडजस्टर असतो, आणि दोघेही कंपनीच्या वतीनेच काम करतात. तिसरा प्रकार पब्लिक ॲडजस्टरचा. तो राज्याच्या वित्तीय सेवा विभागाचा परवाना घेऊन पॉलिसीधारकाच्या वतीने नुकसान मोजतो, दावा मांडतो आणि कंपनीशी बोलणी करतो. त्याचा मोबदला दाव्याच्या रकमेतून टक्केवारीने जातो.

वादळानंतर काही आठवड्यांनी कंपनीने पाठवलेला ॲडजस्टर दुसऱ्या राज्यातून आला होता. एकाच दिवशी अनेक घरे पाहायची असल्याने तो घाईत होता. त्याने शिडीवरून छपराची छायाचित्रे घेतली, दोन्ही खोल्यांचे माप घेतले आणि तो गेला. माळ्यावर तो चढला नाही. त्याच्या अंदाजपत्रकात दुरुस्तीचा खर्च १४,६०० डॉलर धरला होता. त्यातून घसारा म्हणून ४,१०० डॉलर वजा केले होते आणि चक्रीवादळाचे डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला घरमालकाने स्वतः सोसायचा वाटा, म्हणून आणखी ८,००० डॉलर. हे डिडक्टिबल नुकसानीच्या टक्केवारीने ठरत नाही, घराच्या विमा रकमेच्या टक्केवारीने ठरते. आमचा घराचा विमा चार लाख डॉलरचा आणि डिडक्टिबल दोन टक्के, म्हणून ८,०००. अखेर आमच्या हाती पडलेला धनादेश २,५०० डॉलरचा होता. छपरावरची निळी ताडपत्री बांधून घेण्याचा खर्चच त्याच्या जवळपास जात होता.

त्याच सुमारास छपराचे काम करणाऱ्या एका कंत्राटदाराचा माणूस दारात आला आणि एका कागदावर सही केल्यास कंपनीशी बोलण्यापासून नवे छप्पर घालण्यापर्यंत सर्व काही आपण पाहू, असे त्याने सांगितले. माझ्या पतींनी त्याला नम्रपणे परत पाठवले. परवाना नसलेल्या कंत्राटदाराने पॉलिसीधारकाच्या वतीने दाव्याची बोलणी करणे फ्लोरिडाच्या कायद्याला मान्य नाही. परवानाधारक पब्लिक ॲडजस्टरलाही रविवारी किंवा रात्री आठनंतर दारी येऊन काम मागता येत नाही. वादळानंतर दारोदार फिरणाऱ्या प्रत्येकाचा परवाना राज्याच्या संकेतस्थळावर नावानिशी तपासता येतो आणि तो सही करण्याआधी तपासावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आम्ही जिला नेमले तिचे नाव टॅम्पा येथील एका मराठी परिचिताकडून कळले. तिचा परवाना आम्ही तपासला आणि तिने आधी हाताळलेल्या दोन घरमालकांशी बोललो. करारातील पहिली पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे मोबदला. राज्यपालांनी आणीबाणी जाहीर केलेल्या घटनेतील दाव्यांसाठी, त्या घोषणेपासून पहिल्या वर्षात, कायद्याने मोबदल्याची कमाल मर्यादा १० टक्के आहे. एरवी ती २० टक्क्यांपर्यंत जाते. दुसरी गोष्ट अशी की, कंपनीने आधीच दिलेल्या पैशांवर पब्लिक ॲडजस्टरला टक्केवारी घेता येत नाही. आमचे २,५०० डॉलर वेगळे राहतील आणि १० टक्के फक्त पुढे मिळणाऱ्या रकमेवर लागतील, हे तिने स्वतःहून करारात लिहून दिले. ठरावीक मुदतीत कोणत्याही दंडाशिवाय करार रद्द करण्याचा हक्कही त्यात नमूद होता. सही झाल्यापासून ६० दिवसांच्या आत नुकसानीचे लेखी अंदाजपत्रक देणे तिच्यावर बंधनकारक होते आणि तिने ते त्याआधीच दिले.

तिने काम कसे केले, हे मला या अनुभवात सर्वांत मोलाचे वाटते. प्रथम तिने आमच्याकडून संपूर्ण पॉलिसी मागितली, नूतनीकरणाच्या वेळी जोडलेल्या पुरवण्यांसह, आणि ती ओळीओळीने वाचली. अंगणातल्या पोहण्याच्या तलावावरचा जाळीचा पिंजरा आमच्या पॉलिसीत वगळलेला होता, हे तिने पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले आणि त्यावर एक डॉलरही मिळण्याची आशा ठेवू नका असे बजावले. त्याउलट, बांधकाम नियमांमुळे वाढणाऱ्या खर्चासाठी घराच्या विमा रकमेच्या २५ टक्क्यांचे संरक्षण आमच्याकडे होते, ज्याचा कंपनीच्या अंदाजपत्रकात उल्लेखच नव्हता. मग ती इन्फ्रारेड कॅमेरा आणि ओलावा मोजणारे यंत्र घेऊन माळ्यावर चढली. बाहेरून कोरड्या दिसणाऱ्या तिसऱ्या खोलीच्या भिंतीतही पाणी उतरल्याचे तेव्हा उघड झाले. छपरावर तिने उताराउतारांनुसार कौले तपासली, सुटलेली आणि तडकलेली कौले खडूने खुणावली, प्रत्येक उताराचा नकाशा काढला आणि काही कौले उचलून खालचा जलरोधक थर कोठे फाटला आहे याची छायाचित्रे घेतली.

या नकाशाला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी फ्लोरिडाचा एक नियम माहीत हवा. छपराच्या एखाद्या भागाचा २५ टक्क्यांहून अधिक हिस्सा बारा महिन्यांत दुरुस्त करावा लागत असेल, तर तो संपूर्ण भाग सध्याच्या बांधकाम संहितेनुसार करावा लागतो. मे २०२२ मध्ये विधिमंडळाने या नियमातून २००७ च्या किंवा त्यानंतरच्या संहितेनुसार बांधलेली छपरे वगळली. आमचे छप्पर २००३ चे असल्याने जुना नियम लागू होता. म्हणजे नुकसान २५ टक्क्यांच्या अलीकडे आहे की पलीकडे, या एका प्रश्नावर काही हजार डॉलरची डागडुजी आणि संपूर्ण नवे छप्पर यांतील अंतर अवलंबून होते. कंपनीच्या माणसाने फक्त खालून दिसणारी फुटकी कौले मोजली होती. शिवाय आमच्या घाटाचे कौल तयार करणे कारखान्याने केव्हाच बंद केले होते. बदललेली वस्तू रंग, आकार वा दर्जाने उरलेल्या वस्तूंशी जुळत नसेल तर कंपनीने लगतच्या भागाचीही वाजवी दुरुस्ती किंवा बदल करून द्यावा, असे फ्लोरिडाचा कायदा म्हणतो. कौलाचे उत्पादन बंद असल्याचे पुरवठादाराचे पत्र तिने मिळवले आणि अंदाजपत्रकाला जोडले.

तिचे अंदाजपत्रक एक्झॅक्टिमेट या संगणक प्रणालीत केलेले होते, जी विमा कंपन्याही वापरतात. त्यामुळे दोन्ही अंदाजपत्रके एकमेकांशेजारी ठेवून ओळ लावून वाचता आली आणि दोहोंतील दरांत फारसा फरक नसल्याचे मला तेथे प्रथम दिसले. तंटा दराचा नव्हता, व्याप्तीचा होता. ओले इन्सुलेशन काढणे, बुरशी येऊ नये म्हणून भिंती वाळवणे, सामान हलवणे, छताचा पोत जुळवून संपूर्ण खोली रंगवणे, बांधकाम परवान्याचे शुल्क, कंत्राटदाराचा वरखर्च आणि नफा, या ओळी कंपनीच्या कागदावर नव्हत्याच. सामान्य घरमालक एकूण रकमेवर घासाघीस करतो आणि तेथेच हरतो, कारण जी कामे यादीतच नाहीत त्यांचे पैसे मागण्याची सोय त्याच्याकडे उरत नाही.

पुढचा टप्पा कष्टाचा होता. नोटरीसमोर शपथेवर नुकसानीचे विवरण द्यावे लागले. कंपनीने फेरतपासणीसाठी अभियंता पाठवला आणि त्याच्या अहवालात काही तडे जुने, वापरामुळे आलेले असल्याचे लिहिले होते. हे म्हणणे पूर्णतः निराधार नव्हते, असे आमच्या ॲडजस्टरनेही मान्य केले आणि तेवढी कौले तिने आपल्या नकाशातून वगळली. तिच्याविषयी माझा विश्वास या एका कृतीने दृढ झाला. उरलेल्या कौलांसाठी तिने घर विकत घेताना झालेल्या तपासणीची छायाचित्रे पुढे केली, ज्यांत तीच कौले धड दिसत होती. अशी जुनी छायाचित्रे आणि पावत्या घराबाहेर कोठेतरी, संगणकीय साठवणीत, जपून ठेवणे किती उपयोगाचे ठरते हे सांगायला नको.

तरीही कंपनी छपराच्या मुद्द्यावर अडून राहिली, तेव्हा आम्ही वित्तीय सेवा विभागाच्या मध्यस्थी योजनेकडे गेलो. घरविम्याच्या तंट्यांसाठी असलेल्या या योजनेचा खर्च विमा कंपनी सोसते. पॉलिसीत अप्रेझलचे कलमही असते, ज्यात दोन्ही बाजू एकेक मूल्यमापक नेमतात आणि मतभेद राहिल्यास पंच निर्णय देतो. मात्र निःपक्ष मूल्यमापकाची अट असेल तर टक्केवारीवर काम करणारा पब्लिक ॲडजस्टर त्या भूमिकेत बसू शकत नाही, असे फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ठरवले. आम्हाला तेथवर जावे लागले नाही. मध्यस्थीच्या बैठकीत ती आमच्यासोबत बसली, उताराउताराचे नकाशे तिने मध्यस्थापुढे ठेवले आणि दिवस संपता संपता संपूर्ण छपरासह सुमारे ६४,००० डॉलर अधिक देण्याचे कंपनीने मान्य केले. अशा तडजोडीनंतर धनादेश वटवला नसेल तर तीन कामकाजाच्या दिवसांत पॉलिसीधारकाला ती मागे घेता येते. आम्ही ते दिवस कागद पुन्हा वाचण्यात घालवले आणि तडजोड कायम ठेवली.

पैसे मात्र लगेच हाती आले नाहीत. धनादेशावर आमच्या दोघांच्या नावांबरोबर गृहकर्ज देणाऱ्या संस्थेचे आणि पब्लिक ॲडजस्टरचेही नाव होते, आणि सर्वांच्या सह्या झाल्याशिवाय तो वटत नाही. कर्ज देणाऱ्या संस्थेने रक्कम आपल्याकडे ठेवून घेतली आणि काम पुढे सरकेल तसतशी, तपासणी करून, हप्त्याने सोडली. घसाऱ्यापोटी राखलेली रक्कम छप्पर पूर्ण होऊन अंतिम बिल दिल्यावर मिळाली. दरम्यान काही काळ आम्हाला सासूबाईंना घेऊन भाड्याच्या घरात राहावे लागले. त्या भाड्याचा दावाही पॉलिसीतील वेगळ्या कलमाखाली तिनेच मांडला होता. तिचा १० टक्के मोबदला, म्हणजे एकूण ६,४०० डॉलर, प्रत्येक हप्त्यातून त्या प्रमाणात गेला. ही रक्कम दुरुस्तीच्या पैशांतूनच जाते, त्यासाठी वेगळे संरक्षण नसते, आणि तेवढी भर घरमालकाला स्वतः घालावी लागते हे आधीच हिशेबात धरले पाहिजे.

म्हणून प्रत्येकाने पब्लिक ॲडजस्टर नेमावा असे माझे मत नाही. फ्लोरिडा विधिमंडळाच्या संशोधन कार्यालयाने २०१० मध्ये सिटिझन्स या सरकारी विमा महामंडळाच्या दाव्यांचा अभ्यास केला होता. २००५ च्या चक्रीवादळांतील दाव्यांत पब्लिक ॲडजस्टर असलेल्यांना सामान्यतः १७,१८७ डॉलर आणि नसलेल्यांना २,०२९ डॉलर मिळाल्याचे त्यात आढळले. जाहिरातींत हे आकडे वारंवार येतात, पण मोठे नुकसान झालेलेच लोक बहुधा अशी मदत घेतात, हे लक्षात घेतल्याशिवाय ते वाचू नयेत. नुकसान डिडक्टिबलच्या आसपास असेल, किंवा कंपनीने पहिल्याच तपासणीत सगळी कामे धरली असतील, तर १० टक्के देण्यात अर्थ नाही. कंपनीने नुकसान पुराच्या पाण्यामुळे झाले असे म्हणून दावाच नाकारला असेल, तर प्रश्न कायद्याचा होतो आणि तेथे वकील लागतो. पुराचा विमा मुळातच वेगळा असतो.

डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने कायदा बदलला आणि त्यानंतरच्या पॉलिसींना तो लागू आहे. नुकसानीची सूचना देण्याची मुदत दोन वर्षांवरून एक वर्षावर आली, पूरक दाव्याची तीन वर्षांवरून अठरा महिन्यांवर आली, कंपनीने पैसे देण्याची किंवा नाकारण्याची मुदत ९० ऐवजी ६० दिवस झाली आणि खटला जिंकल्यास पॉलिसीधारकाच्या वकिलाचे शुल्क कंपनीने भरण्याची जुनी तरतूद घरविम्यासाठी गेली. कोर्टाची वाट आता महाग झाली आहे, म्हणून नुकसानीची पहिली मोजणी आणि तिचे कागद नीट असणे पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचे झाले आहे. आमच्या नव्या पॉलिसीतही हे बदल आले आहेत आणि चक्रीवादळांचा हंगाम सुरू होण्याआधी, म्हणजे जून लागण्यापूर्वी, छपराच्या प्रत्येक उताराची तारखेसह छायाचित्रे आम्ही दर वर्षी घेऊन ठेवतो.