या महिन्यापुरता

घरखर्च आणि कर्ज यांच्या सल्ल्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. समोर येऊन बसणारी माणसं बहुतेक वेळा रिकाम्या हातांनी येतात. म्हणजे खर्चाची नोंद कुठेच नसते. त्या दिवशी आलेल्या नवरा-बायकोकडे मात्र 14 महिन्यांची वही होती. एकही दिवस न चुकवता लिहिलेली. अक्षर बाईंचं, महिन्याखेरीची बेरीज नवऱ्याची. एवढी नीट वही असलेलं घर कर्जात जातं कसं, हाच प्रश्न मला पहिल्यांदा पडला.

मी हिशेबाला बसताना मिळकत शंभर धरते. खऱ्या रकमा समोर असल्या की माणसं लाजतात नाहीतर घाबरतात. शंभरातले किती म्हटलं की बोलायला लागतात. त्यांचं अंदाजपत्रक असं होतं: 84 घरखर्च, 8 मुलीच्या नावाची दरमहाची ठेव, 8 हाताशी शिल्लक. कागदावर चांगलंच. पण वहीप्रमाणे सरासरी खर्च, ठेव धरून, 104 वर जात होता. महिन्याला 4 ची तूट. 14 महिन्यांचे झाले 56, आणि ते सगळे क्रेडिट कार्डावर गेले होते.

कार्डाचं ताजं बिल मात्र 68 चं होतं.

मी तो आकडा वाचला आणि दोघं एकदम गप्प झाली. मग नवरा खालच्या आवाजात म्हणाला, “हेच विचारायचं होतं, मॅडम. वरचे 12 कुठे गेले?” बाईंनी मान वर केली नाही. “ह्यांना वाटतं मी लपवून खरेदी करते,” त्या म्हणाल्या. थोडं थांबून पुढे, “आणि मला वाटतं, हेच कुणाला तरी पैसे देतात.” कितीतरी महिने हा संशय त्या घरात राहत होता. वही दोघांच्या मध्ये उघडी पडलेली, आणि दोघंही तिच्याकडे बघत नव्हती.

मी कार्डाची जुनी स्टेटमेंट्स मागवून घेतली. खरेदीची एकेक ओळ वहीशी ताडून पाहायला दीड तास लागला. प्रत्येक खरेदी वहीत सापडली. एकही लपवलेली नव्हती. वहीत नव्हतं ते फक्त व्याज. दर महिन्याला ते किमान रक्कम भरत होते, उरलेल्यावर महिना 3 टक्के लागत होते, आणि खर्चाच्या वहीत व्याज लिहावं हे दोघांनाही सुचलं नव्हतं. ते 12 म्हणजे निव्वळ व्याज. मी स्टेटमेंटवरच्या व्याजाच्या ओळी एकेक करून अधोरेखित केल्या आणि कागद त्यांच्याकडे फिरवला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याने वहीवर हात ठेवला, तो बराच वेळ तसाच होता.

महिना 3 टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. व्याजावर व्याज धरून वर्षाचे ते साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातात. किमान भरणा 5 टक्के असेल, तर नवी खरेदी पूर्ण थांबवूनसुद्धा बाकी निम्मी व्हायला 32 महिने लागतात. शिवाय मागची बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही बहुधा जाते. किमान रक्कम भरली की फक्त दंड टळतो. बिलावर हे बारीक अक्षरात असतं, याचा मला आजही राग येतो.

आता मूळ तूट. नवऱ्याने कपातीची यादी करूनच आणली होती, सगळ्या खर्चांना सरसकट कात्री. असली कात्री तीन आठवड्यांपलीकडे टिकलेली मी फारशी पाहिलेली नाही. मी ती बाजूला ठेवली आणि वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. काही नोंदींपुढे बाईंनी कंसात लिहिलं होतं: “या महिन्यापुरता.” विम्याचा हप्ता, या महिन्यापुरता. गाडीची दुरुस्ती, या महिन्यापुरता. चष्मा, शाळेची वर्षाची फी, दाताचं काम, कुणाच्या तरी लग्नातली भेट. अशा 19 नोंदी निघाल्या. एकही महिना त्यांच्यावाचून गेला नव्हता. बेरीज 168, म्हणजे सरासरी महिन्याला 12. उधळपट्टी म्हणावी अशी त्यांत एकही नोंद नव्हती. अंदाजपत्रकातच त्या खर्चांना जागा नव्हती. हाताशी धरलेले 8 त्यातच जात आणि वरचे 4 कार्डावर चढत.

त्या 12 साठी वेगळं खातं काढायचं आणि पगार झाला की पहिल्याच दिवशी तिथे पैसे टाकायचे, हे दोघांना लगेच पटलं. अडलं ते ठेवीपाशी. ठेवीत 112 जमले होते, व्याज वेगळंच. ती मोडली तर कार्ड त्याच दिवशी संपत होतं. “मुलीची आहे ती,” नवरा म्हणाला, “तिला हात लावणार नाही.” मी समजू शकत होते. पण ती ठेव वर्षभरात जेवढं व्याज देत होती, तेवढं कार्ड अडीच महिन्यांच्या आत खात होतं. मी दोन्ही आकडे कागदावर शेजारी लिहिले आणि गप्प बसले. शेवटी बाईच म्हणाल्या, “अहो, तिचेच पैसे तर तिकडे चाललेत.”

ठेव मोडली. कार्ड संपलं. उरलेली रक्कम मुलीच्या नावावरच राहिली. घरखर्च 84 वरून 80 वर आणायचा होता, म्हणजे 12 बाजूला काढून ठेवीचे 8 पुन्हा जमले असते. वापरात नसलेल्या पाच सेवांचे पैसे आपोआप कापले जात होते, त्या आम्ही तिथेच बसून बंद केल्या. बाकीचं त्यांनी घरी ठरवायचं होतं.

चार महिन्यांनी नवऱ्याचा फोन आला. वॉशिंग मशीन बिघडलं होतं. वेगळ्या खात्यात 48 जमले होते, त्यातले 17 एव्हाना वेगवेगळ्या कामांना लागले होते, मशीनची दुरुस्तीही त्यातच निघाली. कार्ड बाहेर काढावं लागलं नव्हतं. घरखर्च 80 वर काही आला नाही, 81 वर थांबला. म्हणून मुलीची ठेव पुन्हा सुरू केली ती 8 ऐवजी 7 ची. आणि वहीत आता व्याजाचा रकाना आहे, असं मागून बाईंनी सांगितलं. चारही महिने त्यांनी तिथे शून्य लिहिलं होतं.