चातुर्मासातलं रिकामं आवार

वाहतूक सर्वेक्षणाचं काम मी बरीच वर्षं करतोय, पण पुण्यात लक्ष्मी रस्त्याला लागून असलेल्या एका गल्लीतली मोजणी अजून डोक्यातून जात नाही. दिवाळीच्या खरेदीचे दिवस होते. काम तसं सरळ: दर अर्ध्या तासाला गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं आणि उभ्या गाड्यांचे नंबर लिहायचे. तक्ता जुळवला की कोणती गाडी किती वेळ हलली नाही ते कळतं.

व्यापाऱ्यांचं गाऱ्हाणं खरं होतं. गिऱ्हाईक चारचाकी घेऊन येतं, जागा मिळत नाही म्हणून दोन चकरा मारतं आणि खरेदी न करताच निघून जातं. आणखी एक बहुमजली वाहनतळ बांधा, एवढंच त्यांचं मागणं होतं. पण दुपार होईतो माझ्या कागदावर वेगळंच दिसायला लागलं. दुकानं उघडताना लिहिलेले नंबर प्रत्येक फेरीत तेच येत होते. एका पांढऱ्या गाडीच्या वायपरपाशी तर झाडाची पिवळी पानं साठत चालली होती.

संध्याकाळी तक्ता पुढे ठेवला. कापडवाल्या शेठजींनी चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "अहो, ही तर माझीच गाडी!" मग एकेकाने आपापला नंबर शोधला. गिऱ्हाइकाची जागा दुकानमालकच दिवसभर अडवून बसले होते. पण त्यांनी तरी गाडी न्यायची कुठे?

हाकेच्या अंतरावर एका मंगल कार्यालयाचं प्रशस्त आवार होतं, फाटकाला कुलूप. आषाढी ते कार्तिकी एकादशी, म्हणजे चातुर्मासात, लग्नं जवळजवळ थांबतात. गणपती, दसरा, दिवाळी ही बाजाराची सगळ्यात मोठी गर्दीही नेमकी त्याच महिन्यांत. मला तर नवीन बांधकामापेक्षा हे कुलूप उघडणं कितीतरी मोलाचं वाटलं.

कार्यालयाचे काका लगेच तयार झाले नाहीत. गाडीला ओरखडा गेला तर कोण बघणार, रात्री उशिरा फाटक कोण लावणार, हे त्यांचे प्रश्न रास्तच होते. शेवटी व्यापाऱ्यांनी मिळून राखणदाराचा पगार उचलला, मालकांच्या आणि कामगारांच्या गाड्यांचे नंबर लिहून दिले आणि महिन्याचं भाडं ठरलं. गिऱ्हाइकांच्या गाड्या रस्त्यावर, दिवसभराच्या आवारात. सम तारखेला रस्त्याच्या एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाड्या लावायचा नियम तसाच राहिला.

तुळशीच्या लग्नानंतर काय, हा प्रश्न उरला होता. त्यावर काकांनीच पंचांग काढलं आणि मुहूर्ताच्या तारखांवर लाल खुणा केल्या. त्या दिवशी आवार वऱ्हाडाचं, व्यापाऱ्यांनी गाड्या मंडईजवळच्या वाहनतळात न्यायच्या. त्या पानाची एक प्रत शेठजींनी गल्ल्यामागच्या भिंतीवर चिकटवली.