एनएस

मागच्या आठवड्यात रात्री उशिरा एक ॲप क्रॅश होत होतं म्हणून आम्ही दोघं लॉग, म्हणजे ॲप काय करत होतं त्याची नोंद, चाळत बसलो होतो. टीममध्ये नवीन आलेला मुलगा स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला, "दादा, हे सगळीकडे एनएस एनएस काय आहे?" एनएसस्ट्रिंग, एनएसॲरे, एनएसएक्सेप्शन, नेहमीची जत्रा भरली होती. मी अर्धवट झोपेत सांगून टाकलं की ते नेक्स्टस्टेप रे, ॲपलमधून बाहेर पडल्यावर स्टीव्ह जॉब्सने कंपनी काढली होती त्यांचं सॉफ्टवेअर, ती काही चालली नाही. तो म्हणाला, "मग न चाललेल्या कंपनीचं नाव अजून का ठेवलंय?"

बग सापडला पण प्रश्न काही डोक्यातून जाईना.

थोडं माझंही सांगतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी मिळून काढलेलं प्रॉडक्ट बंद पडलं, पैसे संपले, दोघांना नोकऱ्या लागल्या, मी सहा महिने नुसताच घरी होतो. त्या काळात मला जॉब्सची गोष्ट किती जणांनी फॉरवर्ड केली याचा हिशोब नाही. तीन ओळींची गोष्ट असते ती, स्वतःच्याच कंपनीतून हाकलला, खचला नाही, परत आला आणि जग जिंकलं. बरं वाटायच्या ऐवजी मला दरवेळी चीड यायची कारण "खचला नाही" आणि "परत आला" यांच्यामध्ये सप्टेंबर १९८५ ते डिसेंबर १९९६ अशी अकरा वर्षं आहेत आणि ती कोणी सांगतच नाही.

मुळात त्याला बाजूला केलं ते उगाच नाही. जानेवारी १९८४ मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश कॉम्प्युटर आला तेव्हा त्यात मेमरी १२८ केबी, हार्ड डिस्क नाही, आणि आवाज नको म्हणून पंखासुद्धा नाही. फ्लॉपी काढा, घाला, परत काढा. सुरुवातीचं कौतुक ओसरल्यावर विक्री खाली आली आणि भांडणं वर आली. पेप्सीमधून ज्या जॉन स्कलीला त्याने ॲपलचा सीईओ म्हणून स्वतः मनवून आणलं होतं त्याच्याशीच वाजलं, मे १९८५ मध्ये बोर्ड स्कलीच्या बाजूने उभं राहिलं. माझं मत विचाराल तर बोर्ड फार चुकलं नव्हतं. तिशीतला माणूस, प्रचंड हुशार पण सोबत काम करायला भयंकर, आणि आकडे विरोधात. पुढे २००५ मध्ये स्टॅनफर्डच्या भाषणात त्याने सांगितलं की काढून टाकलं ते बरंच झालं, पण ते वीस वर्षांनी, सगळं परत मिळाल्यावर. त्या सप्टेंबरमध्ये कोणी त्याला हे ऐकवलं असतं तर त्याने काय केलं असतं याची कल्पना मी करू शकतो.

मग आलं नेक्स्ट, त्याची ती नवी कंपनी. इथे मला सगळ्यात जास्त मजा येते कारण आता अडवणारं कोणीच नव्हतं. प्रॉडक्ट बनायच्या आधीच पॉल रँड या नामांकित डिझायनरकडून एक लाख डॉलरचा लोगो करून घेतला. कॉम्प्युटर काय तर काळा मॅग्नेशियमचा चौकोनी खोका, आणि त्याच्या कडा बरोब्बर नव्वद अंशातच हव्यात. आता साच्यातून वस्तू सुटून यावी म्हणून बाजूंना किंचित उतार ठेवतात हे त्या धंद्यातल्या कोणालाही माहीत असतं, पण याला उतार नको, म्हणून वेगळे महागडे साचे. १९८८ च्या ऑक्टोबरमध्ये मशीन दाखवलं, तेही उशिराच, आणि किंमत साडेसहा हजार डॉलर. गिऱ्हाईक कोण, तर विद्यापीठं, आणि ती आधीच सांगून बसलेली की आम्हाला याच्या निम्म्यात पाहिजे. इतक्या वर्षांत मशीनं विकली गेली साधारण पन्नास हजार. १९९३ मध्ये हार्डवेअर बंद केलं, निम्म्याहून जास्त लोक घरी गेले. या लोकांबद्दल त्या फॉरवर्डमध्ये एक शब्द नसतो बरं का.

आणि याच वर्षांत त्याची दुसरी कंपनी, पिक्सारही चालू होती. १९८६ मध्ये स्टार वॉर्सवाल्या जॉर्ज लुकसकडून ती टीम घेतली ती कशासाठी, तर ग्राफिक्सचा महागडा कॉम्प्युटर विकायला. एक मशीन १,३५,००० डॉलरला, घेणार कोण? ॲनिमेशनवाली मंडळी म्हणजे ते मशीन काय करू शकतं हे दाखवायला छोट्या फिल्म बनवणारी एका कोपऱ्यातली टीम. मशीन बुडालं, फिल्मवाले उरले. त्याने स्वतःच्या खिशातले पाच कोटी डॉलरच्या आसपास घातले आणि मध्ये कंपनी विकायचाही प्रयत्न केला, म्हणजे द्रष्टेपण वगैरे जे म्हणतात ते इथे तरी मला दिसत नाही, पैसे लावले एका घोड्यावर आणि धावला दुसराच. पण त्या कोपऱ्यातल्या लोकांचे पगार त्याने थांबवले नाहीत, एवढं श्रेय द्यायलाच पाहिजे. नोव्हेंबर १९९५ मध्ये त्यांचा टॉय स्टोरी सिनेमा लागला आणि आठवड्याभरात कंपनी शेअर बाजारात आली, आणि तो अब्जाधीश झाला. दहा वर्षांनी.

खिशातले पाच कोटी म्हटलं ना, ते जरा थांबून वाचा. ॲपल सोडल्यावर त्याने एक शेअर ठेवून बाकी सगळे विकले होते, शिवाय रॉस पेरोसारख्या अमेरिकन अब्जाधीशाने नेक्स्टमध्ये दोन कोटी डॉलर घातले. अकरा वर्षं चुकत राहायला तेवढी शिदोरी लागते हो. आमच्याकडे चौदा महिन्यांची होती. त्यामुळे "जॉब्सने हार मानली नाही, तू का मानतोस" असं कोणी म्हटलं की मी हल्ली फक्त हसतो.

तरी त्या मुलाचा प्रश्न उरतोच. खोका विकला गेला नाही पण त्यातलं सॉफ्टवेअर खरंच चांगलं होतं. १९९० मध्ये टिम बर्नर्स-लीने सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत पहिला वेब ब्राउझर आणि सर्व्हर लिहिला तो याच काळ्या खोक्यावर, आणि वर हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली की हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका. इकडे ॲपलची स्वतःची नवी ऑपरेटिंग सिस्टिम, कोपलंड, १९९६ मध्ये गुंडाळली गेली आणि ते बाहेर शोधायला लागले. आणि गंमत म्हणजे पहिला फोन जॉब्सने केलाच नव्हता, नेक्स्टमधल्या मधल्या फळीतल्या एका मार्केटिंगवाल्याने त्याला न विचारता केला होता! डिसेंबरमध्ये ॲपलने चाळीस कोटी डॉलरच्या वर मोजून नेक्स्ट घेतली. जॉब्स सोबत आला म्हणण्यापेक्षा मी म्हणेन नेक्स्टच्या सॉफ्टवेअरचा प्रमुख एव्ही टेव्हेनियन आणि त्याच्या लोकांचं काम आलं आणि त्याच्यासोबत जॉब्स आला. मॅकची नवी ऑपरेटिंग सिस्टिम, मॅक ओएस एक्स, त्यावर उभी राहिली, आयफोनही, आणि त्या रात्री आम्ही जो लॉग वाचत होतो तोही.

परत आलेला माणूस बदललेला होता का? थोडा. ऑगस्ट १९९७ मध्ये बोस्टनच्या मॅकवर्ल्डमध्ये, म्हणजे मॅकवाल्यांच्या मेळाव्यात, मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर बिल गेट्स दिसला, लोकांनी हुर्यो उडवली, आणि हा शांतपणे मायक्रोसॉफ्टकडून पंधरा कोटी डॉलर घेतल्याचं सांगत होता. १९८५ च्या जॉब्सला हे जमलं असतं असं मला नाही वाटत. मग ढीगभर मॉडेलं कापून चार चौकटी ठेवल्या, घरच्यांसाठी, व्यावसायिकांसाठी, टेबलावरचा, उचलून न्यायचा, बास.

पण पुढचं ऐका. २००० मध्ये त्याने परत खोका काढला! पॉवर मॅक जी४ क्यूब, सुंदर, महाग, आणि आवाज नको म्हणून परत पंखा नाही. तोही विकला गेला नाही. म्हणजे मॅकिंटॉशपासून सोळा वर्षं, एवढे फटके, आणि हौस तीच. फरक एवढाच की नेक्स्टचा खोका गुंडाळायला त्याला जवळजवळ पाच वर्षं लागली होती आणि हा २००१ च्या जुलैमध्ये, बरोबर वर्षात, थांबवला.

हे मी दुसऱ्या दिवशी त्या मुलाला जेवताना सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे दादा, तुमचं ते प्रॉडक्ट तुम्ही किती दिवसात बंद केलं?" मी विषय बदलला. कारण खरं सांगायचं तर सर्व्हर अजून चालू आहे. यूजर शून्य, मी सोडून. परवाच डोमेन रिन्यू करायचा मेल आलाय, अजून उघडलेला नाही.