उन्हाळ्यात उघडणारी भेग

आमचं घर परभणीत, काळ्या रानात पाडलेल्या प्लॉटवर. वडिलांनी १९९८ साली बांधलं. पाया साडेतीन फूट, प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या पातळीवर सगळ्या भिंतींना बांधून ठेवणारा काँक्रीटचा पट्टा, नाही. पूर्वेकडच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून छताकडे तिरकी भेग गेलेली. दर मे महिन्यात मिस्त्री यायचा, भेग खरवडून सिमेंट भरायचा. श्रावणात तेच सिमेंट पापुद्रे धरून खाली पडायचं. "माल कमी पडला," म्हणायचा.

मला खटकायचं ते दार. लाकडी दार पावसाळ्यात फुगून अडकतं. आमचं उन्हाळ्यात अडकायचं आणि पोळ्यापर्यंत आपोआप मोकळं व्हायचं. म्हणजे लाकूड नव्हे, चौकटच हलत होती.

मी लेथवर काम करतो, बारीक अंतर मोजायचा व्हर्नियर घरातच. भेगेच्या दोन्ही अंगांना एकेक पितळी स्क्रू बसवला आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अंतर मोजून कॅलेंडरवर लिहायला लागलो. घरचे हसले. जूनमध्ये ६२.४ मिलिमीटर, सप्टेंबरात ५९.६, पुढच्या मे महिन्यात ६२.८. भिंत वर्षाला एक श्वास घेत होती, आणि आम्ही तिच्या तोंडात सिमेंट कोंबत होतो!

काळी माती पाण्याने फुगते, वाळली की आकसते, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. पण किती? परसातली माती वाळवून, कुटून, चाळून दहा-दहा ग्रॅम दोन मापनळ्यांत टाकली. एकीत रॉकेल, दुसरीत डिस्टिल्ड वॉटर. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून तुलनेला तेच घेतात. दुसऱ्या दिवशी रॉकेलमधली १२ मिलिलिटरवर, पाण्यातली २२ वर. म्हणजे रॉकेलमधल्यापेक्षा ८३ टक्के जास्त! पन्नासच्या वर गेली की माती अवघड समजायची.

तरी एकाच खोलीला भेग का? भेग वर रुंद, खाली बारीक. म्हणजे बाहेरचा कोपरा खाली बसत होता. मे महिन्यात दोन खड्डे घेतले. त्या कोपऱ्याशी, कडुनिंबाजवळ, चार फुटांवरही माती खडखडीत. तिच्या भेगेत पट्टी वीतभर आत गेली. न्हाणीकडच्या खड्ड्यात मात्र ऐन उन्हाळ्यात चिकट चिखल, आणि नाकाला साबणाचा वास. मोरीचा पाइप जमिनीखाली फुटलेला होता! एक बाजू बारमाही ओली, दुसरी उन्हाळाभर कोरडी. एकाच घराखाली दोन ऋतू.

पाइप बदलला. घराभोवती चार फूट मुरूम ठोकून बाहेर उताराचा कोबा केला, गच्चीचं पाणी पाइपने लांब सोडलं. कडुनिंब तोडू दिला नाही आईने. ते बरंच झालं, कारण झाड गेलं की तिथली माती ओल धरून फुगते. फांद्या तेवढ्या छाटल्या.

यंदा मे आणि सप्टेंबरातला फरक १.१ मिलिमीटर आला. मिस्त्री भेग बुजवायला विचारत होता. अजून एक उन्हाळा जाऊ दे, म्हटलं.