पक्षाचा रकाना नसलेली यादी

नागपुरातील पदव्युत्तर वर्गाला इतिहास शिकवताना मूळ कागद हाताळायला लावणे हा माझ्या कामाचा मला सर्वांत प्रिय भाग आहे. त्या दिवशी आम्ही मध्य प्रांत व वऱ्हाडच्या कायदेमंडळाची १९२४ ची छापील कार्यवृत्ते वाचत होतो. सभासदांच्या यादीत नावे होती, मतदारसंघ होते, पण पक्षाचा रकाना नव्हता. अमरावतीच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, बहुमत स्वराज पक्षाचे होते ना? मग तो पक्ष या यादीत आहे कुठे?"

उत्तर शोधण्यासाठी आम्ही मतविभागणीच्या, म्हणजे कोणत्या ठरावावर कोणी बाजूने आणि कोणी विरुद्ध मत दिले याच्या, याद्या उघडल्या आणि तीच तीच नावे एका बाजूला येऊ लागली, तसा सरकारी दप्तराने न नोंदवलेला पक्ष आमच्यासमोर उभा राहिला. गयेच्या काँग्रेस अधिवेशनानंतर, जानेवारी १९२३ मध्ये, कायदेमंडळात शिरून सरकारची आतून अडवणूक करण्यासाठी चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांनी स्थापलेल्या या पक्षाने वर्षभरातच आमच्या प्रांतात स्पष्ट बहुमत मिळवले. मार्च १९२४ मध्ये त्याने अर्थसंकल्पातील मागण्या फेटाळल्या आणि मंत्र्यांचे वेतन वर्षाला दोन रुपयांवर आणले. मंत्री गेले आणि सोपीव खाती (शिक्षण, आरोग्य अशी भारतीय मंत्र्यांकडे सोपवलेली खाती) गव्हर्नरांना स्वतःकडे घ्यावी लागली. आपल्याच तालुक्यातील शाळांच्या आणि दवाखान्यांच्या खर्चाविरुद्ध मत देणे सभासदांना सोपे गेले नसेल. तरीही त्यांनी ते एकत्र दिले, आणि माझ्या मते स्नेहसंबंधांवर चालणारा गट तिथेच मागे पडून संसदीय पक्ष सुरू झाला.

तो टिकवणे मात्र कठीण होते. ऑक्टोबर १९२५ मध्ये कायदेमंडळाचे अध्यक्ष आणि पक्षाचेच पुढारी श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरांच्या कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली. मोतीलाल नेहरूंनी त्याचा कठोर निषेध केला, उलट पक्षातल्याच न. चिं. केळकर, मु. रा. जयकर आणि डॉ. मुंजे यांनी टिळकांच्या प्रतियोगी सहकारितेचा, म्हणजे सरकार जितके सहकार्य करील तितकेच आपणही करावे या धोरणाचा, आधार घेऊन वेगळी वाट धरली. वऱ्हाडच्या तांब्यांचे नाव निघताच वर्गात वऱ्हाडची आणि नागपूरची मुले अशी वाटली गेली की तास संपल्यावरही कोणी उठेना. पदाच्या मोहाने पक्ष फुटला, हे नेहमीचे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते, कारण सत्ता नाकारून अडवायचे की ती घेऊन वापरायची, हा प्रश्न पक्षाने स्थापनेपासून पुढे ढकललेला होता, असे मी त्यांना सांगितले.

मुलांनी सभासदांच्या तक्त्यात पक्षाचे दोन रकाने आखायचे ठरवले: एक रकाना मार्च १९२४ चा, दुसरा फेब्रुवारी १९२६ मधील, प्रतियोगी सहकारितावाद्यांच्या अकोल्याच्या बैठकीनंतरचा.