मधल्या बाकावरचा ‘मायनिंग’

स्नेहसंमेलनाच्या आठवणी लिही, असा संपादक मंडळाचा निरोप होता. पण संमेलनात मी फक्त पडदा ओढायचो. त्यापेक्षा बाकावरच्या शेजाऱ्याबद्दल लिहितो.

२०१२ च्या दिवाळीनंतर तो आला, आम्ही नववीत होतो. मूळचा बेळगाव जिल्ह्यातल्या आपल्या खानापूर तालुक्यातलाच, पण वाढला चोर्ला घाटाच्या खाली, गोव्यातल्या साखळी गावाजवळच्या खाणपट्ट्यात. वडील पगारी ड्रायव्हर. खाणीतून नदीकाठच्या जेटीपर्यंत लोहखनिजाचा टिपर, म्हणजे ट्रक, मारायचे. तिथून माल बार्जमधून मुरगावला आणि पुढं बोटीनं चीनला. ‘गोव्याला मायनिंगमध्ये आहे’ म्हटलं की आमच्याकडं पोरीचे बाप लगेच होकार द्यायचे.

पावसाळ्यात तिथं काम थांबतंच. म्हणून १० सप्टेंबरला गोवा सरकारनं खाणी बंद केल्या, तेव्हा कुणी फार मनावर घेतलं नाही. नऊ दिवसांवर चतुर्थी होती. ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला तरी ‘दिवाळी झाली की सुरू होतंय’ हेच चाललेलं. दिवाळी झाली आणि यांचं बिऱ्हाड टेम्पोतून गावात उतरलं.

त्याचा एकच पांढरा सदरा होता. पांढरा म्हणायचा इतकंच. कॉलरच्या शिवणीत, काखेत, बटणांच्या काजांभोवती तांबूस कड बसलेली. त्याची आई दगडावर आपटून आपटून धुवायची, निळीत बुडवायची, तर कड जांभळट दिसायची. प्रार्थनेच्या रांगेत त्याला रोज बाजूला काढत. ‘मायनिंग’ हे नाव मी ठेवलं. वर्गाला ते फार आवडलं, मला त्याहून जास्त.

सदऱ्यापेक्षा कन्नडानं त्याला जास्त छळलं. आपलं माध्यम मराठी असलं तरी कन्नडाचा पेपर कुणाला चुकतोय? त्याला एक अक्षर येत नव्हतं. नववीतला मिसरूड फुटलेला पोरगा मधल्या सुट्टीत पाटीवर मुळाक्षरं गिरवायचा. ती मी शिकवली, बदल्यात तो माझी गणितं सोडवायचा. उपकार वगैरे काही नव्हतं त्यात.

मे २०१३ मध्ये, राहिलेली भांडी आणायला म्हणून, त्याच्याबरोबर मी पणजीच्या बसनं खाली उतरलो. रस्त्याकडेला टिपरांची रांग, काहींच्या हौद्यात गवत. टायरवाल्याचं दुकान बंद, गॅरेज बंद. खाणीच्या खड्ड्यात हिरवं पाणी. खालच्या शेतात मातीचा थर साचलेला. तिथं भात पिकायचं, असं त्यानं सांगितलं, मला पटेना. कॅन्टीन चालवणाऱ्या बाईंनी आम्हाला घरात बसवून चहा दिला. म्हणाल्या, आता दोरीवर कपडे पांढरे वाळतात. मग चहाचे पैसे घ्यायचे की नाहीत, यावर बराच वेळ घुटमळल्या. शेवटी घेतले.

बंदी चुकीची होती असं मी म्हणणार नाही. केंद्र सरकारनं नेमलेल्या शहा आयोगानं बेकायदा उपसा दाखवला होता, आणि ती शेतं मी स्वतः पाहिली. पण चीनला गेलेल्या मालातलं काय आलं होतं त्या ड्रायव्हरच्या घरात? नंतर ट्रकमालकांना सरकारी मदत मिळाली. याचे वडील मालकही नव्हते आणि गोव्याचेही नव्हते. कुठल्याच यादीत त्यांचं नाव बसलं नाही. ते खानापूरला वीटभट्टीवर जायला लागले. संध्याकाळी परत अंगावर तांबडी धूळच.

दहावीला तो कन्नडात काठावर पास झाला, गणितात माझ्या खूप पुढं. पुढं शिकला नाही. खाणी परत सुरू झाल्यावर तोही टिपरवर गेला आणि १६ मार्च २०१८ ला त्या दुसऱ्यांदा बंद पडल्या, तेव्हा बापासारखाच परत आला. आता बेळगावात मालवाहू रिक्षा चालवतो. मागं कन्नडात पाटी रंगवलेली आहे, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.

हे लिहिण्याआधी त्याला फोन केला, नाव घालू का म्हणून विचारलं.

“नाव नको रे,” म्हणाला. “मायनिंगच घाल. आपल्या पोरांस्नी कळतंय की.”