खराब फोटोंची वही आणि माझी खरेदी

मी एकोणीस वर्षांची असताना मोठ्या बहिणीने तिचा जुना डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा) कॅमेरा आणि त्यासोबतची १८-५५ मिमीची लेन्स मला दिली. कॅमेरा हाती आल्यापासून आठवड्याभरातच मी हव्या असलेल्या वस्तूंची लांबलचक यादी तयार केली आणि लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतला मोठा भाग खर्चून नवशिक्यांसाठी म्हणून विकला जाणारा एक तयार संच घेतला. त्यात हलका ट्रायपॉड, तीन फिल्टर (लेन्सवर चढवायच्या काचा), लेन्सच्या पुढे बसवायचे, जास्त रुंद दृश्य दाखवणारे वाइड अँगलचे भिंग, धूळ उडवायचा छोटा ब्लोअर आणि पुसायचे कापड अशा वस्तू होत्या. त्यांपैकी ब्लोअर आणि कापड मी आजही वापरते. वाइड अँगलच्या भिंगाने फोटोच्या चारही कडा विरघळल्यासारख्या दिसत, आणि ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवला की लेन्सच्या वजनाने त्याची मान हळूहळू खाली झुके.

त्या खरेदीचे मला फार वाईट वाटले होते. तेव्हा ताईने एक साधी गोष्ट सुचवली : वस्तूंची यादी बाजूला ठेव आणि बिघडलेल्या फोटोंची यादी कर. मी एक वही केली. बिघडलेल्या प्रत्येक फोटोचा शटरस्पीड (प्रकाश किती वेळ आत येतो), ॲपर्चर (लेन्सचे छिद्र किती उघडे आहे) आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) मी त्यात लिहीत असे, आणि फोटो कशामुळे बिघडला असावा याचा माझा अंदाजही एका ओळीत नोंदवत असे. दोन महिन्यांत ११८ नोंदी झाल्या. पुढची सगळी खरेदी मी या वहीच्या आधारानेच केली, म्हणून ती कशी उपयोगी पडली हे जरा सविस्तर सांगते.

सर्वांत जास्त नोंदी, म्हणजे ६४, ‘फोटो हलला’ या कारणाखाली होत्या, आणि पहिल्या नजरेत त्यांचा अर्थ चांगला ट्रायपॉड घ्यावा असाच निघत होता. पण ते फोटो संगणकावर मोठे करून पाहिल्यावर त्यांत दोन वेगळे प्रकार दिसले. काहींमध्ये संपूर्ण चित्र, अगदी मागची भिंतसुद्धा, एकाच दिशेला ओढल्यासारखी दिसत होती. तिथे माझा हात हलला होता. उरलेल्यांमध्ये भिंतीवरचा पोपडा न् पोपडा स्पष्ट होता आणि धावणारे मूल मात्र पुसट झाले होते. या दुसऱ्या प्रकारात ट्रायपॉडचा काहीही उपयोग नसतो, कारण तो कॅमेरा स्थिर ठेवतो, माणसाला नाही. तिथे शटर अधिक वेगवान हवे, आणि त्यासाठी आयएसओ वाढवणे किंवा जास्त प्रकाश घेणारी लेन्स वापरणे हे मुख्य मार्ग असतात.

पहिल्या प्रकारातल्या फोटोंचेही एक जुने गणित आहे. लेन्सची नाभीय लांबी (तिच्यावर मिमीमध्ये लिहिलेला आकडा) जितकी, त्याच्या व्यस्ताइतका, म्हणजे एक भागिले तो आकडा इतक्या सेकंदांचा तरी शटरस्पीड ठेवावा, आणि माझ्या कॅमेऱ्यासारखा लहान सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) असेल तर ती लांबी आधी साधारण दीडपट धरावी. ५५ मिमीवर याचा अर्थ १/८० सेकंद किंवा त्याहून वेगवान. माझे बरेच फोटो १/३० वर घेतलेले होते, कारण फोटोत रवाळपणा येईल या भीतीने मी आयएसओ ४०० च्या वर जातच नव्हते. आयएसओ १६०० पर्यंत न्यायला शिकल्यावर त्या महिन्यात हललेल्या फोटोंची संख्या निम्म्यावर आली, आणि त्यासाठी काहीच विकत घ्यावे लागले नाही.

तरीही संध्याकाळची दृश्ये आणि घरातल्या स्थिर वस्तूंचे फोटो यांसाठी ट्रायपॉड लागणारच होता. काही आठवडे मी जाड कापडाच्या पिशवीत कोरडी वाळू भरून ती कठड्यावर किंवा स्टुलावर ठेवली आणि तिच्यात कॅमेरा रुतवून फोटो घेतले. दोन सेकंदांचा सेल्फ-टायमर लावला की बटण दाबतानाचा धक्काही टळतो, त्यामुळे रिमोटची गरज उरत नाही. पिशवीची अडचण एवढीच होती की कॅमेऱ्याची उंची कठडा किंवा स्टूल ठरवत असे.

ट्रायपॉड निवडताना मी खोक्यावर लिहिलेल्या वजनक्षमतेवर विसंबून राहिले नाही, कारण प्रत्येक उत्पादक ती आपापल्या पद्धतीने ठरवतो. दुकानात मी पाय पूर्ण उघडून वरच्या भागावर तळहाताने दाब दिला आणि तो भाग हलकेच डावीकडे-उजवीकडे पिळून पाहिला. मग माझाच कॅमेरा त्यावर बसवला, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर थेट दिसणाऱ्या दृश्यात, दहापट मोठे चित्र करून समोरच्या फलकावरच्या एका अक्षरावर फोकस केला आणि लेन्सच्या टोकाला बोटाने हलकी टिचकी मारली. एका ट्रायपॉडवर ते अक्षर बराच वेळ थरथरत राहिले, तर दुसऱ्यावर ते जवळजवळ लगेच थांबले. दिसायला दोन्ही सारखेच होते. मी दुसरा घेतला. त्याच्या पायाचे तीनच भाग आहेत, त्यामुळे मिटल्यावर तो थोडा लांब राहतो; पण भाग जितके जास्त तितका शेवटचा भाग बारीक आणि डळमळीत, हे मला तिथेच दिसले होते. मधला दांडा वर काढला की चांगला ट्रायपॉडही एका पायावर उभा असल्यासारखा होतो, म्हणून मी आधी पाय लांबवते आणि दांडा अगदी शेवटी वापरते. ट्रायपॉडवर असताना लेन्समधले स्थिरीकरणही बंद ठेवते. कॅमेऱ्याच्या तळाशी बसणारा ट्रायपॉडचा स्क्रू पाव इंची असतो आणि तो जवळजवळ सर्वत्र सारखाच आहे; पटकन काढता-घालता येणारी पट्टी मात्र आर्का-स्विस पद्धतीची, म्हणजे अनेक कंपन्यांच्या ट्रायपॉडना चालणारी आहे ना, हे जरूर पाहावे. माझ्या जुन्या ट्रायपॉडची पट्टी फक्त त्या एकाच मॉडेलला बसणारी होती, आणि ती हरवल्यावर दुसरी मिळालीच नाही.

मेमरी कार्डाबाबत माझी सरळ फसवणूक झाली. नेहमीपेक्षा बऱ्याच कमी किमतीत मिळालेल्या ६४ जीबीच्या कार्डावर पहिले काही दिवस फोटो नीट साठले. मग एका दुपारी घेतलेले निम्मे फोटो करड्या पट्ट्यांचे निघाले. अशा कार्डातली चिप क्षमता खोटी सांगते, आणि खरी जागा संपल्यावर पुढची माहिती कुठे साठतच नाही किंवा आधीच्या माहितीवर लिहिली जाते. संपूर्ण कार्ड भरून ते पुन्हा वाचून पडताळणारे मोफत प्रोग्राम मिळतात; त्यांतल्या एकाने तपासले तेव्हा खरी जागा ८ जीबीच्या आतच निघाली. आता नवे कार्ड घेतले की पहिल्याच दिवशी मी ही तपासणी करते, कारण परत करण्याची मुदत तेव्हा शिल्लक असते. कार्डावर मोठ्या अक्षरांत छापलेला वेग बहुधा वाचनाचा असतो. कॅमेऱ्याच्या दृष्टीने लेखनाचा वेग महत्त्वाचा, आणि त्यासाठी व्ही३० ही खूण पाहावी. तिचा अर्थ सेकंदाला किमान ३० एमबी सलग लिहिले जाईल असा आहे. मी एका मोठ्या कार्डाऐवजी ३२ जीबीची दोन घेतली.

फिल्टरांच्या बाबतीत मी बरेच पैसे वाचवू शकले असते. संचातला यूव्ही फिल्टर मी निष्ठेने लेन्सवर चढवून ठेवला होता. फिल्मच्या काळात अतिनील किरणांमुळे दूरच्या दृश्यावर निळसर धुरकटपणा येत असे, म्हणून तो लागायचा. डिजिटल सेन्सरच्या पुढे ते किरण अडवणारी काच आधीच असते. वहीत रात्रीच्या फोटोंच्या नऊ नोंदी ‘हिरवा ठिपका’ अशा होत्या. नीट पाहिल्यावर कळले की डाव्या कोपऱ्यात वर दिवा असेल तर ठिपका उजव्या कोपऱ्यात खाली, मध्यबिंदूच्या बरोबर पलीकडे पडतो. फिल्टर काढल्यावर ठिपके गेले. लेन्सच्या संरक्षणासाठी मी आता हूड, म्हणजे लेन्सच्या पुढे बसणारे कडे, वापरते. तो आघातही झेलतो आणि बाजूचा प्रकाशही अडवतो.

पोलरायझर हा फिल्टर मात्र पैसे वसूल करणारा आहे, कारण पाण्यावरची किंवा काचेवरची झळाळी त्याने जशी कमी होते तशी नंतर संगणकावर करता येत नाही. लेन्सचा व्यास तिच्या पुढच्या कडेवर गोलातल्या तिरक्या रेघेच्या चिन्हापुढे लिहिलेला असतो. माझ्या लेन्सचा ५८ मिमी आहे. पुढेमागे मोठी लेन्स घेतली तर उपयोगी पडावा म्हणून ६७ मिमीचा फिल्टर आणि तो ५८ च्या लेन्सवर बसवणारे जोडकडे घेण्याचा सल्ला मला मिळाला होता, पण ते कडे लावले की माझा हूड बसत नाही, म्हणून मी ५८ चाच घेतला.

दुसऱ्या कंपनीची जादा बॅटरी चांगली चालते आहे. ती फुगली तर ताबडतोब बाद करायची, एवढे पथ्य मी ठेवले आहे. बॅगेऐवजी जुनीच पाठपिशवी आणि आत जाड स्पंजचे कप्पे पुरले. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून लेन्स त्यात ठेवते, कारण दमट हवेत लेन्सच्या काचेवर बुरशी धरली तर दुरुस्तीचा खर्च डब्याच्या कितीतरी पट होतो.

धावणाऱ्या मुलांचे फोटो अजून बिघडतातच. ५५ मिमीवर माझी लेन्स एफ/५.६ च्या पलीकडे उघडत नाही (एफपुढचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे). ५० मिमी एफ/१.८ ची लेन्स त्याच्या सुमारे साडेनऊ पट प्रकाश आत घेते, आणि कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त लेन्सांमध्ये तिची गणना होते. वहीत त्या एका कारणाखाली आज ४१ नोंदी आहेत, आणि शिकवण्यांचे पुढचे दोन महिने मी त्या लेन्ससाठी राखून ठेवले आहेत.